खानदेशातला शहामृग

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलात तर लोक तुम्हाला दोन गोष्टी आवर्जून सांगतील. एक, देवीचं जुनं मंदिर. दुसरी, भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख. तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. इथल्याच पाटणे गावात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक लहानसा तुकडा सापडला आहे आणि त्यावर माणसाने एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी कोरली आहे. त्याचं वय आहे सुमारे २५,००० वर्षं.

शहामृग आणि खानदेशात? मलाही आधी खरं वाटलं नव्हतं.

१९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पाटण्याला उत्खनन केलं. तिथे दगडी हत्यारांसोबत या कवचाचे मणीही मिळाले. वय ठरवलं ते रेडिओकार्बन पद्धतीने. कवचातला किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे २५,००० वर्षांनी मूळच्या फक्त ५ टक्के उरतो. तेवढा मोजता आला की हिशेब लागतो.

शंका इथेही घेतल्या गेल्या. भारतात सापडलेल्या अशा ‘कोरीव’ तुकड्यांपैकी बहुतेकांवरच्या रेघा माणसाच्या नाहीत, झाडांच्या मुळांनी पडलेल्या आहेत, असं पुढे तपासणीत दिसलं. पाटण्याचा तुकडा मात्र त्या परीक्षेत टिकला. आणि पक्षी नक्की शहामृगच होता का? २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या जुन्या कवचांमधला डीएनए वाचला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला.

मग हा पक्षी इथे जगत कसा होता? त्यासाठी तेव्हाचं हवामान पाहावं लागतं. तो शेवटच्या हिमयुगाचा काळ होता. उत्तर गोलार्धात प्रचंड बर्फ साठला होता आणि सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली गेली होती. मुंबईचा किनारा आजच्या जागी नव्हताच, बराच पश्चिमेला होता. जमीन आणि समुद्र दोन्ही थंड, बाष्प कमी, त्यामुळे मोसमी पाऊस दुबळा. दख्खनवर झाडी विरळ होऊन गवताळ माळ पसरले. उंच मानेच्या, वेगाने पळणाऱ्या पक्ष्याला आणखी काय हवं?

माणसालाही तो सोयीचा होता. शहामृगाचं एक अंडं म्हणजे कोंबडीची सुमारे दोन डझन अंडी. कवच दोन मिलिमीटर जाड, मण्यांसाठी उत्तम. पुढे हिमयुग ओसरलं, पाऊस परतला, झाडी वाढली आणि शहामृग दिसेनासा झाला. अभ्यासक बदलत्या हवामानाकडे बोट दाखवतात, तसंच अंडी पळवणाऱ्या माणसाकडेही.

उघड्या माळावर, थेट जमिनीवर अंडं घालणारा एक मोठा पक्षी आपल्याकडे अजून आहे. माळढोक. त्याची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य झालं. आज तिथे तो दिसणं ही बातमी ठरते. देशभरात दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. या वेळी हिमयुग आलं नाही की सरलं नाही. माळाला आपण कागदोपत्री ‘पडीक’ म्हटलं, नांगर फिरवला, वीजतारा ओढल्या. एवढं पुरलं.

शहामृगाची आठवण म्हणून आपल्याकडे निदान रेघा ओढलेला एक तुकडा आहे. तो कोरणाऱ्याला हा पक्षी एक दिवस संपेल हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आपल्याला माळढोकाचा आकडासुद्धा ठाऊक आहे.