मनगटावरील दप्तर

खेळाडूच्या श्रमाचा हिशेब दीर्घकाळ दुसऱ्याच्याच हाती असे. निकोला रिओसेक या फ्रेंच घड्याळजीने १८२१ साली पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीत शाईचा ठिपका उमटवणारे आपले कालमापक चालवून दाखवले, आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी ओमेगा कंपनीने ३० कालमापके रवाना केली. परंतु या शंभराहून अधिक वर्षांत धावणारा एकीकडे आणि त्याचा काळ मोजणारा पंच किंवा प्रशिक्षक दुसरीकडे, ही वहिवाट एक ठळक अपवाद सोडला तर बदलली नाही. आपल्याकडील तालमींत तर घड्याळाला फारसे स्थानच नव्हते. जोर, बैठका आणि सपाटे यांची संख्या व वस्तादांची नजर या दोन साक्षींवर पठ्ठ्याच्या मेहनतीचा निवाडा होई. आज पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तिन्हींचा एकत्र सराव करणारा तरुण दुकानात उभा राहून, केवळ खेळासाठी घडवलेले घड्याळ घ्यावे की फोनशी जोडलेले स्मार्टवॉच घ्यावे, असा प्रश्न करतो, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर किमतींच्या तक्त्यात शोधण्यापेक्षा त्या दोन वस्तूंच्या वंशावळीत शोधणे अधिक श्रेयस्कर आहे असे मला वाटते. कारण यंत्र ज्या गरजेपोटी जन्माला येते तिचा ठसा त्याच्या अंगावरून सहसा पुसला जात नाही.

दुसऱ्याने काळ मोजण्याची ती वहिवाट ज्याने भर मैदानात मोडून दाखवली, तो फिनलंडमधील तुर्कू गावचा पाव्हो नुर्मी. हा अबोल मनुष्य तळहातात स्टॉपवॉच घेऊन धावे, फेरी पुरी होताच त्याकडे क्षणभर दृष्टी टाकी आणि प्रतिस्पर्धी पुढे आहे की मागे याची फिकीर न करता स्वतःच नेमून घेतलेल्या वेगाला चिकटून राही. १० जुलै १९२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने १५०० मीटर आणि ५००० मीटर या दोन्ही शर्यती एकाच दिवशी जिंकल्या. त्यांतील पहिल्या शर्यतीच्या अखेरीस त्याने हातातले घड्याळ शेजारच्या हिरवळीवर टाकून दिले, ही हकिकत धावण्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या कृतीत प्रदर्शनाचा हेतू शोधण्याचे कारण नाही. वेग राखण्याचे काम उरकले होते, आणि उरकलेल्या कामाचे साधन मुठीत वागवण्यात त्याला काही अर्थ दिसत नव्हता. खेळाडू आणि कालमापक यांच्यामधला मध्यस्थ मात्र त्या काळातच दूर झाला, ही गोष्ट महत्त्वाची.

तथापि घड्याळ फक्त काळ सांगते. तो काळ गाठण्यासाठी शरीराला काय किंमत मोजावी लागली हे ते सांगत नाही. या दुसऱ्या प्रश्नाला जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइन्डेल हा हृदयतज्ज्ञ यांनी हात घातला. धावपटूच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १८० पर्यंत चढू द्यावेत, मग त्याला थांबवावे, आणि ते १२० पर्यंत उतरले की पुन्हा धावण्याची आज्ञा द्यावी. ९० सेकंदांच्या आत ते उतरले नाहीत तर मागची धाव त्याच्या शक्तीबाहेरची होती असे समजावे, असा त्यांचा दंडक होता. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडले, आणि तो विक्रम पुढे १६ वर्षे अबाधित राहिला. मात्र या पद्धतीत एक मोठी उणीव होती. नाडी मोजण्यासाठी धावणाऱ्याला थांबावे लागे, आणि थांबताक्षणीच ठोके उतरू लागत. गळ्याच्या शिरेवर बोट ठेवून १० सेकंदांचे ठोके मोजावेत आणि त्यांना ६ ने गुणावे, ही रीत वापरली तर मोजण्यात एका ठोक्याची चूक झाली तरी हिशेबात सहांचा फरक पडे. चालू श्रमाची नोंद चालू श्रमातच व्हावी, ही निकड येथून उत्पन्न झाली.

हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांची नोंद करण्याची विद्या डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन याने विसाव्या शतकाच्या आरंभीच सिद्ध केली होती; परंतु त्याचे उपकरण प्रयोगशाळेतून हलवण्याजोगे नव्हते. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर याने १९४० नंतरच्या दशकात ती नोंद हिंडत्याफिरत्या माणसाकडून मिळवली खरी, पण त्यासाठी त्या माणसाला सुमारे ३८ किलो वजनाची यंत्रसामग्री पाठीवर वाहावी लागली. हे ओझे मनगटावर आणण्याचे श्रेय पुन्हा फिनलंडकडेच जाते. औलू विद्यापीठातील इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सैनायाकांगास यांच्या मनात, बर्फावर स्की चालवणाऱ्यांच्या सरावाचा विचार करताना, ठोके मोजणारे सुटसुटीत यंत्र करण्याची कल्पना आली. १९७७ साली त्यांनी पोलर ही कंपनी स्थापन केली आणि १९८२ साली छातीवरील पट्ट्यातून मनगटावरच्या घड्याळाकडे तारेविना ठोके पाठवणारे स्पोर्ट टेस्टर हे उपकरण बाजारात आले. बर्फाळ रानात एकट्याने तासन् तास श्रम करणाऱ्या आणि हातमोजे काढणेही ज्याला जिवावर येते अशा माणसासाठी घडवलेल्या या वस्तूत अनावश्यक असे काही असणे शक्यच नव्हते.

ज्या खेळाने या सर्व साधनांना एका मनगटावर एकत्र येणे भाग पाडले तो ट्रायथलॉन याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिमेस आकार घेत होता. २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन डिएगो येथील मिशन बे या खाडीकाठी स्थानिक धावपटूंच्या संघाने धावणे, सायकल आणि पोहणे यांची एक सायंकाळची मिश्र शर्यत ठेवली, आणि मागे राहिलेल्यांना पाण्यात वाट दिसावी म्हणून मोटारींचे दिवे लावावे लागले. त्या शर्यतीत नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जूडी यांनीही भाग घेतला होता. पुढे हे दांपत्य हवाई बेटांवर राहावयास गेले, आणि पोहणारा, सायकलवाला व धावणारा यांत अधिक दमदार कोण, या वादाचा कायमचा निकाल लावण्यासाठी त्यांनी ओआहू बेटावर आधीच चालत आलेल्या तीन स्पर्धांची अंतरे एकापुढे एक जोडली: समुद्रात २.४ मैल पोहणे, ११२ मैल सायकल आणि २६.२ मैल धावणे, म्हणजेच अनुक्रमे सुमारे ३.८, १८० आणि ४२ किलोमीटर. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण पाण्यात उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली, आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला.

या आकड्यांतच खेळाच्या घड्याळाच्या कसोट्यांचा सारा मसुदा दडलेला आहे. खारे पाणी, प्रखर ऊन, अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक चालणारा श्रम, आणि एका कसरतीतून दुसरीत जाताना, म्हणजे ज्याला खेळाडू ट्रान्झिशन म्हणतात त्यात, एकेका सेकंदाची चाललेली ओढाताण, या चारही गोष्टींना जे टिकेल तेच या कामास लायक ठरणार होते. टायमेक्स कंपनीने १९८६ साली या शर्यतीचेच आयर्नमॅन हे नाव देऊन जे घड्याळ काढले, त्याचे मोल त्याच्या साधेपणात होते. ८ फेऱ्यांचे काळ लक्षात ठेवणारी स्मृती, पाण्यापासून संरक्षण आणि न पाहता दाबता येण्याजोगी कळ एवढाच त्याचा सरंजाम. परंतु शर्यतीत पळणाऱ्याला यापरते काही नको असते हे त्याच्या कर्त्यांनी नेमके ओळखले होते, आणि खेळाशी संबंध नसलेल्या लक्षावधी माणसांनीही ते घड्याळ मनगटावर बांधले.

काळ आणि ठोके यांची सोय लागली, तरी अंतर अद्याप हाती लागले नव्हते. उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील स्थान सांगणारी अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ साली पूर्ण झाली होती. पण नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत लष्करी कारणास्तव मुद्दाम चूक मिसळली जात असे, आणि तिच्यामुळे सांगितलेले स्थान १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने ही मिसळ थांबली, आणि तीनच वर्षांनी गार्मिन कंपनीने फोररनर २०१ हे धावणाऱ्यांसाठीचे जीपीएस घड्याळ विक्रीस आणले. आकाराने ते ओबडधोबड होते आणि समुद्रात नेण्यासारखे नव्हते. २००९ साली त्याच कंपनीच्या ३१० एक्सटी या घड्याळाने ही उणीव भरून काढली: पाण्यात चालणारे, सुमारे २० तास पुरणारे, आणि एकाच शर्यतीतील तिन्ही कसरतींची नोंद क्रमवार ठेवणारे. पाण्याबाहेर येणारा स्पर्धक धापा टाकत, एका हाताने पोहण्याचा पोशाख खांद्यावरून ओढत, दुसऱ्या हाताच्या आखडलेल्या बोटाने एकच कळ दाबतो आणि पोहण्याचा हिशेब बंद होऊन ट्रान्झिशनचा सुरू होतो. सायकलवर बसताना तीच कळ पुन्हा दाबली की नवे खाते उघडते. नाडीचीही अशीच तजवीज झाली. ब्लूटूथसारख्या लहरी पाण्यात विरून जातात, म्हणून २०१५ साली असा छातीपट्टा निघाला की जो पोहतानाचे ठोके स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि खेळाडू किनाऱ्यावर आला की घड्याळाच्या स्वाधीन करतो.

स्मार्टवॉचची कुळकथा याहून सर्वस्वी भिन्न आहे. त्याचा जन्म रानात किंवा समुद्रकाठी झाला नाही. तो फोनच्या दिमतीस झाला. २०१५ साली आलेल्या पहिल्या ॲपल वॉचचे मुख्य प्रयोजन निरोप, आठवणी आणि बोलावणी मनगटापर्यंत पोहोचवणे हे होते. त्यात स्वतंत्र जीपीएस नव्हते आणि ते घालून पोहण्याची मुभा नव्हती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टी आल्या, तरी कुळाचा वारसा लपेना. काचेवरील स्पर्श विद्युत्-भारावरून ओळखला जात असल्यामुळे पाण्याचे थेंब हेच बोट समजून पडदा भलतेच काही करू लागे, म्हणून पोहताना पडद्याला कुलूप घालावे लागे. आणि रोज रात्री विजेला लावायचे या अपेक्षेने बांधलेले यंत्र जीपीएस अखंड चालू ठेवले तर काही तासांतच थकून जाई. मनगटातील रक्तप्रवाहावर हिरवा प्रकाश टाकून ठोके ताडण्याची युक्ती दैनंदिन व्यवहारास सोयीची असली, तरी थंड पाण्यात शिरा आकसल्या किंवा सायकलच्या मुठीवर मनगट वाकले की तिचा दाखला डळमळतो. हा दोष मात्र आता दोन्ही घराण्यांत आहे, कारण खेळाच्या घड्याळांनीही ती युक्ती उचलली. म्हणूनच नेमकेपणाची चाड असलेला खेळाडू अजूनही छातीपट्टा सोडत नाही.

गेल्या काही वर्षांत हे दोन प्रवाह परस्परांकडे वळले आहेत. २०२२ साली निघालेल्या ॲपल वॉच अल्ट्राला ओल्या किंवा हातमोजा घातलेल्या हातानेही दाबता येईल अशी वेगळी कळ मिळाली, एका भरणात ३६ तासांची ग्वाही मिळाली, आणि तिन्ही कसरती एकापाठोपाठ ओळखणारी व्यवस्था त्याच वर्षी आली. २०२३ साली सायकलवरील शक्तिमापकाशी जोडणीही झाली. उलट खेळाची घड्याळे फोनचे निरोप दाखवू लागली, गाणी साठवू लागली आणि दुकानदाराचे पैसेही चुकते करू लागली. तरीही कोण कोणाकडे कशासाठी गेले, हे इतिहासाच्या वाचकाने विसरू नये: श्रमाच्या कसोटीला उतरण्यासाठी स्मार्टवॉचने खेळाच्या घड्याळाचे गुण घेतले, तर बाजारात टिकण्यासाठी खेळाच्या घड्याळाने स्मार्टवॉचचे घेतले.

आपल्याकडे हा विषय आता परका राहिलेला नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिक येथील पूर्ण अंतराची आयर्नमॅन शर्यत पार केल्यावर महाराष्ट्रातील अनेकांचे लक्ष या खेळाकडे वेधले, आणि २०१९ साली पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातील पहिली आयर्नमॅन शर्यत झाली तेव्हा १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे हे निम्मे अंतर आपल्या मातीवरच उपलब्ध झाले. अशा शर्यतीचा संकल्प सोडणाऱ्या तरुणास माझे सांगणे इतकेच आहे, की १.५, ४० आणि १० किलोमीटरांच्या ऑलिंपिक अंतरापर्यंतचा सराव हाती असलेल्या स्मार्टवॉचवर निर्वेधपणे होतो, आणि केवळ हौसेपायी दुसरे यंत्र घेण्याचे प्रयोजन नाही. परंतु सरावाचे तास वाढून रविवारची सायकल दुपारपर्यंत लांबू लागली, समुद्रातील पोहणे नित्याचे झाले, आणि आठवड्याआठवड्यांच्या नोंदी ताडून पुढची आखणी करण्याची वेळ आली, म्हणजे खेळासाठीच जन्मलेले घड्याळ घ्यावे. याचे कारण केवळ विजेचे तास हे नव्हे. सरावाच्या दोन-चार तासांत मनुष्याचे अवधान श्वासावर, पायांवर आणि रस्त्यावर असावे लागते, आणि ज्या यंत्राचा मूळ धर्मच बाहेरच्या जगाचे बोलावणे आत आणण्याचा आहे, त्याला गप्प बसवण्याचे काम खेळाडूला रोज स्वतः करावे लागते. ज्याचा मूळ धर्म नोंद ठेवणे हा आहे, ते नोंद ठेवून स्वस्थ राहते. शर्यतीच्या नियमांतही स्पर्धकाने वाटेत बोलणी करणे किंवा संदेश धाडणे निषिद्ध मानले आहे, आणि सरावात जी सवय लागते तीच शर्यतीत उतरते. साधनाची योग्यता त्याच्या अंगच्या कलांच्या संख्येवरून न ठरवता, ऐन श्रमाच्या घटकेला ते आपले किती लक्ष मागते आणि त्या मोबदल्यात किती विश्वासार्ह दाखला देते, यावरून ठरवावी, असे या इतिहासाचे मला स्वच्छ सांगणे दिसते.