रक्ताची उलटी : औषधाचे बळ किती?

किनवटच्या माणसाला रक्ताची उलटी झाली, तर नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून दूर. एके काळी डॉक्टर बर्फाच्या पाण्याने पोट धुवत. नाही थांबले, तर शस्त्रक्रिया. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन आले. पण वाहत्या रक्तापुढे ते तोकडे पडले. १९८८ मध्ये नांदेडला महाविद्यालय सुरू झाले; त्याच वर्षी युरोपात ओमेप्राझोल आले. आम्ल घटले, की अल्सरवरची रक्ताची गुठळी टिकते. २००० मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून रक्त थांबवून तीन दिवस हे औषध शिरेतून दिले. पुन्हा रक्तस्राव होणारे २२.५ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर आले. म्हणजे औषध हा दुर्बिणीचा जोडीदार, पर्याय नव्हे. म्हणून डांबरासारखी काळी शौच दिसली, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, निघा.