सेप्सिसमध्ये मेंदूचा रक्तप्रवाह अल्ट्रासाउंडने कसा मोजतात? ट्रान्सक्रॅनियल डॉपलर सोप्या भाषेत

आमच्याकडे, वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावात, तापाने फणफणलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला की लोक म्हणतात, "ताप डोक्यात गेला." बऱ्याचदा त्यावर डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवून सकाळची वाट पाहिली जाते. पण त्या बरळण्यामागे सेप्सिस असेल, तर सकाळपर्यंत थांबणं महागात पडू शकतं. मेंदूपर्यंत रक्त नीट पोचतंय का, हे कवटी न उघडता पाहण्याची एक पद्धत आहे: ट्रान्सक्रॅनियल डॉपलर, थोडक्यात टीसीडी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे या लेखात भर यंत्र काय मोजतं आणि काय मोजत नाही यावर आहे.

सेप्सिस म्हणजे नेमकं काय?

न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, चिघळलेली जखम, बाळंतपणानंतरचा संसर्ग, सुरुवात कुठूनही होऊ शकते. संसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसाद बेताल होतो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो. २०१६ सालची आंतरराष्ट्रीय व्याख्या याच अर्थाची आहे. एका जागतिक अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि त्यात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू झाले.

मेंदूवर याचा परिणाम लवकर दिसतो. माणूस गोंधळतो, झापड येते, ओळख पटत नाही. यासाठी जंतू मेंदूत शिरलेले असावे लागत नाहीत. शरीरभर पसरलेला दाह, बिघडलेला रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनची ओढाताण एवढंही पुरेसं असतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण तो एकूण ऑक्सिजनपैकी साधारण २० टक्के वापरतो.

बीपी ठीक, म्हणजे मेंदू ठीक?

सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळला की आयसीयूत सलाइन आणि औषधं देऊन सरासरी रक्तदाब किमान ६५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत आणायचा प्रयत्न होतो. पण हा आकडा बहुधा हाताच्या धमनीतला असतो. मेंदूत काय चाललंय ते त्यावरून थेट कळत नाही.

ठिबकचं उदाहरण घेऊ. उताराच्या शेतात साधे ड्रिपर लावले तर खालच्या झाडांना जास्त पाणी मिळतं आणि वरच्यांना कमी. प्रेशर कंपेन्सेटिंग ड्रिपर लावले तर नळीतला दाब ठरावीक मर्यादेत कमीजास्त झाला, तरी प्रत्येक झाडाला जवळपास सारखंच पाणी मिळतं. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या अशाच वागतात. दाब वाढला की आकुंचन पावतात, कमी झाला की रुंदावतात. याला ऑटोरेग्युलेशन म्हणतात. पुस्तकांत त्याचा पट्टा साधारण ६० ते १५० मिलिमीटर पारा असा दिलेला असतो. प्रत्यक्षात तो माणसागणिक बदलतो, आणि जुना बीपीचा त्रास असलेल्यांत वर सरकलेला असतो.

सेप्सिसमध्ये काही रुग्णांची ही यंत्रणा बिघडते. मग बीपी जरा पडला की मेंदूचा पुरवठाही त्याच्याबरोबर पडतो. म्हणजे ६५ हा आकडा एकाला पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही.

कवटीतून आवाज आत कसा जातो?

हाड अल्ट्रासाउंडला अडवतं. पण कानशिलाजवळ, कानाच्या थोडं पुढे, हाड पातळ असतं. १९८२ साली रूने आस्लिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तिथून २ मेगाहर्ट्झच्या लहरी आत पाठवून मेंदूच्या मोठ्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. पोटाच्या सोनोग्राफीत बहुधा याहून जास्त वारंवारता वापरतात. इथे ती मुद्दाम कमी ठेवतात, कारण कमी वारंवारता हाडातून बरी पार होते.

पुढचं काम शुद्ध सिग्नल प्रोसेसिंगचं:

१. खोली ठरवणं. ऊतींमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरतात. ५ सेंटीमीटर खोलवरची धमनी ऐकायची तर लहर जाऊन परत यायला साधारण ६५ मायक्रोसेकंद लागतात. यंत्र नेमक्या त्याच क्षणी परत आलेला सिग्नल उचलतं.

२. वेग काढणं. आपल्याकडे येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा ऐकू येतो, तसंच प्रोबकडे येणाऱ्या रक्तपेशींवरून परतलेली लहर किंचित चढी असते. रक्त सेकंदाला ५५ सेंटीमीटर वेगाने येत असेल तर हा फरक सुमारे १,४३० हर्ट्झ येतो. हा आपल्या कानाला ऐकू येणारा पट्टा आहे, म्हणूनच यंत्रातून नाडीबरोबर "हुश्श, हुश्श" असा आवाज येतो.

३. आलेख काढणं. धमनीच्या मध्यभागी रक्त जोरात वाहतं आणि कडेला सावकाश, त्यामुळे एकाच वेळी अनेक वारंवारता मिसळून येतात. फूरिये ट्रान्सफॉर्म त्या वेगळ्या करतं आणि पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख उमटतो.

डॉक्टर कोणते आकडे पाहतात?

सरासरी वेग: मेंदूच्या मधल्या धमनीत निरोगी प्रौढांचा सरासरी वेग सेकंदाला ५५ सेंटीमीटरच्या आसपास असतो.

पल्सॅटिलिटी इंडेक्स: सर्वांत जास्त वेगातून सर्वांत कमी वेग वजा करायचा आणि सरासरीने भागायचं. समजा ९० आणि ४० हे दोन वेग आहेत आणि सरासरी ५७, तर उत्तर ०.८८. खालचा वेग २५ वर घसरला तर सरासरी ४७ होते आणि उत्तर जवळपास १.४ येतं. आकडा वाढला की पुढच्या बारीक वाहिन्यांत अडथळा वाढल्याची शंका येते.

एमएक्स: प्रोग्रामरला सगळ्यात ओळखीचा वाटेल असा हा आकडा. रक्तदाब आणि रक्ताचा वेग या दोन्हींची दर १० सेकंदांची सरासरी घ्यायची आणि ५ मिनिटांच्या खिडकीत त्यांचं कोरिलेशन काढायचं. उत्तर शून्याजवळ असेल तर दाब हलला तरी मेंदूचा पुरवठा स्थिर आहे. ०.३ च्या वर गेलं तर ऑटोरेग्युलेशन बिघडल्याचं बरेच अभ्यास मानतात. ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी २०१८ साली १०० सेप्सिस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांत ते बिघडलेलं होतं, आणि मेंदूच्या बिघाडाशी त्याचा संबंध दिसला.

यंत्राच्या मर्यादा

टीसीडी वेग मोजतं, प्रवाह नाही. पाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं, पण बादली लवकर भरत नाही. तसंच वेग वाढला याचा अर्थ रक्त जास्त गेलं असा होतोच असं नाही. धमनी अरुंदही झालेली असू शकते. प्रोब ३० अंश तिरका धरला गेला तर वेग सुमारे १३ टक्के कमी दिसतो. शंभरातल्या साधारण ५ ते २० जणांत कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की सिग्नलच मिळत नाही. वयस्कर स्त्रियांत हे जास्त आढळतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: टीसीडी पाहून उपचार बदलल्याने सेप्सिसचे जास्त रुग्ण वाचतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. सध्या तरी ही जादा माहिती आहे, उपचाराचा नियम नाही.

बाळाची टाळू

तान्ह्या बाळात कवटीची खिडकी वेगळी असते. टाळू भरेपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंत, तिथे हाडच नसतं. म्हणून नवजात विभागात टाळूवर प्रोब ठेवून मेंदूची सोनोग्राफी आणि डॉपलर दोन्ही करता येतात.

पण नवजात बाळांच्या सेप्सिसवर आपल्या विदर्भातलं सर्वांत मोठं काम अशा कुठल्याही यंत्राशिवाय झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना सेप्सिसची लक्षणं ओळखून घरीच प्रतिजैविकं द्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, घरोघरच्या एकूण नवजात सेवेमुळे नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला.

मग आपण काय करायचं?

टीसीडी हे आयसीयूतलं साधन आहे. ते वापरायला शिकलेला हात लागतो आणि ते गावात येणार नाही. शिवाय गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन नोंदणीच्या जागेबाहेर मनाप्रमाणे फिरवता येत नाही. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ सालीच केला, देशाचा १९९४ साली झाला. वाशिमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याला त्याआधीपासून. पण तिथपर्यंत वेळेत पोचणं आपल्याच हातात आहे.

संसर्ग किंवा ताप असताना माणूस अचानक गोंधळला, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले. किंवा बाळाने दूध ओढणं सोडलं, रडणं क्षीण झालं, अंग ढिलं पडलं, तर १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना "ताप आहे" एवढंच सांगू नका. "काल संध्याकाळपर्यंत नीट बोलत होते, आज ओळखत नाहीत" असं वेळेसकट सांगा. मेंदूत झालेला हा बदल घरच्यांच्या नजरेला कोणत्याही यंत्राच्या आधी दिसतो.