विसाव्या वर्षीची परीक्षा

महाविद्यालयात मुलांच्या श्रद्धेवर प्रश्नांचा भडिमार होतो, म्हणून आपण पालक चिंतातुर होतो. परंतु हे आव्हान आजचे नव्हे. १८३१ साली फ्रेडरिक ओझानाम हा तरुण लियॉनहून पॅरिसला कायदा शिकण्यास आला. १८३० च्या क्रांतीनंतरचे ते पॅरिस. विद्यापीठात धर्माची टिंगल चाले. सुदैवाने त्यास आंद्रे-मारी अँपिअर यांच्या घरी आश्रय मिळाला. विजेचा प्रवाह ज्यांच्या नावाने मोजतात तेच हे शास्त्रज्ञ, आणि भाविक कॅथलिक!

वादसभेत ओझानाम ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीने मांडी. एकदा प्रतिपक्षाने विचारले, पूर्वी तुमच्या ख्रिस्तसभेने पुष्कळ केले; आज तुम्ही काय करता? प्रश्न बोचरा होता आणि, आम्हांस वाटते, रास्तही. १८३२ च्या पटकीने शहरात हजारोंचे बळी घेतले होते. ओझानामने उत्तरादाखल आणखी एक भाषण केले नाही. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, त्याने मित्रांसह सेवामंडळ उभारले. भगिनी रोझाली रांड्यू यांनी त्यांना मुफ्तार भागातील गरिबांच्या दारी नेले. आपल्या धर्मग्रामांतून काम करणारी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ती हीच. १९९७ साली, जागतिक युवा दिनाच्या वेळी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्येच ओझानामला धन्यवादित घोषित केले.