घर मोजायचं ते खणांनी

'खण' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो, एकदा मोजून पाहा. टेबलाला खण असतो, कपाटाला खण असतात. चोळीसाठी कापड घेतात तो खण, आणि ओटी भरतात तीही खणानारळानं. मुंबईच्या चाळीत माणसं जन्मभर दोन खणांच्या खोलीत राहिली. आणि आमच्या जुन्नरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं, 'चाचा, तुमचं जुनं घर केवढं होतं हो?' तर ते चौरस फूट सांगत नाहीत. म्हणतात, 'पाचखणी होतं.'

मी शब्दांच्या धंद्यातला माणूस. नारायणगावच्या रस्त्यावर 'मॉड्युलर किचन, मॉड्युलर फर्निचर' अशा पाट्या लागायला लागल्या, तेव्हा या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावं याचा विचार करू लागलो. सारख्या मापाचे तुकडे, ते जोडून वस्तू उभी करायची, हवं तर वाढवायची, नको तर सोडवायची. पुष्कळ शब्द जुळवून पाहिले. मग लक्षात आलं, शब्द घरातच आहे. याला खण म्हणतात.

दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. साधारण पाच-सहा फूट. हे माप कुणी कायदा करून ठरवलेलं नाही. ते झाडानं ठरवलं, आणि माणसाच्या खांद्यानं. फार लांब तुळई घेतली तर ती मधे वाकते, जाड घेतली तर चार माणसांना उचलत नाही. म्हणून जवळजवळ खांब. खाली दगडाचा तळखडा, म्हणजे खांबाच्या बुडाला ओल लागत नाही. त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. लाकडाचं एक टोक तासून कुसू करायचं, दुसऱ्याला त्याच मापाचं साल, म्हणजे भोक पाडायचं, आणि एकात एक बसवायचं. मुख्य सांध्यांना खिळा नाही. सगळा भार या सांगाड्यावर. भिंत फक्त आडोशाला. म्हणून जुनी माणसं सांगत, भिंत पडली तरी घर उभं राहतं.

अशा घराची मोजणी खणांनी होणार, हे ओघानंच आलं. पेशवाईतल्या कागदपत्रांत घर विकलं, गहाण टाकलं, की अमुक खणांचं घर असंच लिहिलेलं सापडतं. चौकाच्या चारी बाजूंनी खण लावत गेलं की वाडा होतो. गरिबाचं तीन खणांचं घर आणि सरदाराचा दोन चौकी वाडा यांत नक्षीचा, लाकडाच्या जातीचा फरक असेल, पण व्याकरण एकच.

हे व्याकरण किती जुनं आहे ते पाहायला जुन्नरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. तालुक्याच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री. तुळजा लेण्यात बारा अष्टकोनी खांबांचा गोल चैत्य आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात मान वर करून पाहा. छताला कमानदार फासळ्या आहेत. दगडात कोरलेल्या छताला फासळ्यांची काय गरज? डोंगरच छत धरून आहे. पण कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढं लाकडाचं घर होतं, आणि फासळ्यांशिवाय छत त्याला छत वाटलं नसावं. कार्ल्याला तर दगडी छताखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या आजही जागेवर आहेत. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं दाराचं काम केल्याची नोंद आहे. दगडाचं काम, आणि नाव सुताराचं! जुन्नरच्या एका लेखात बांबूचं काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात कारागिरांच्या संघटना होत्या आणि लोक विश्वासानं त्यांच्याकडे पैसे ठेवत होते. राजांची नावं आपल्याला पाठ असतात. या बांबूवाल्यांचीही थोडी आठवण असायला हरकत नाही.

आता एक शंका कुणीही काढील. सगळे खण सारखे, तर एका घराची तुळई दुसऱ्या घराला बसायची का? खरं सांगायचं तर नाही. दिसायला तुळया सारख्या, पण प्रत्येक कुसू त्याच्या सालासाठी हातानं तासलेलं. गज चोवीस तसूंचा, हे सगळीकडे खरं. पण गजच गावोगाव वेगळा. म्हणून घर उतरवताना शहाणा सुतार आधी प्रत्येक सांध्यावर पटाशीनं खुणा करतो. एक रेघ, दोन रेघा, फुली. ही खूण त्या खुणेशीच जुळायची. खणाची संख्या वाढवता येते, जागा बदलता येते. पण तुकड्यांची अदलाबदल करायची तर पुन्हा हत्यार लावावं लागतं आणि ते लावणारा माणूस लागतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमचं घर पाचखणी होतं. दादा, म्हणजे माझे आजोबा गेले तेव्हा दादी आधीच गेल्या होत्या. मागे अब्बा, चाचा आणि फुफी. आमच्या शरीयतीत मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. पाच खण, दोन भाऊ, एक बहीण. दोन, दोन आणि एक. असा सोपा हिशोब क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल. तरी रिवाज असा की बहिणीनं 'मला काही नको' म्हणायचं आणि भावांनी तिला ईदेला साडी घ्यायची. हा रिवाज कुठल्या एका धर्माचा नाही, हे माझ्या हिंदू मैत्रिणींना सांगायला नको. 2005 साली कायद्यानं त्यांना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तरी हक्कसोडीच्या सह्या होतच आहेत.

फुफीनं 'नको' म्हटलं नाही. ती घोडेगावला दिलेली होती. 'मिस्त्री,' ती सुताराला म्हणाली, 'माझा खण कडेचा धरा. उतरवून द्या.' घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. चाचा म्हणाले, लोक काय म्हणतील, घर मोडलं म्हणतील. मिस्त्रीनं जमिनीवर खडूनं आकृती काढून सगळ्यांना समजावलं, की मधला खण काढला तर घर जातं, कडेचा काढला तर फक्त घराची कड आत सरकते. त्याप्रमाणं झालं. खुणा केलेले खांब, तुळई, कड्या बैलगाडीवर चढल्या. घोडेगावात फुफीच्या घरापुढं त्या खणाची ओसरी झाली. तळखडे तेवढे नेता आले नाहीत, तिथं नवे घडवावे लागले. पुढं भावांचे चार खण कालांतरानं पाडून सिमेंटचं घर झालं. फुफीची ओसरी अजून उभी आहे.

एक खण बैलगाडीतून गेला, त्याची ही गोष्ट. पण आंबेगाव तालुक्यानं अख्खी गावं अशी जाताना पाहिली आहेत. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगाव आज घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावात. डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. या पाण्यावर पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शेतं भिजली, हे खरंच आहे. पण धरणाच्या वरच्या अंगाला घरं उतरवली जात होती. बाजारपेठेतल्या घरांच्या तुळया ट्रकवर, महादेव कोळ्यांच्या घरांच्या मेढी आणि वासे खांद्यावर. कारवीचे कूड तिथंच सोडायचे, कारवी पुन्हा मिळते. ज्या घरात लाकडाचा सांगाडा होता ते नव्या जागी महिन्या-दोन महिन्यांत उभं राहिलं. ज्याचं घर नुसत्या दगडमातीचं, त्याच्या हाती काही आलं नाही. आणि बांधावरचं हिरड्याचं झाड? ज्याच्या बाळहिरड्यावर घरातलं वर्षाचं मीठमिरची चालायचं, ते झाड कुठल्याच सांध्यातून सुटत नाही.

घराचं हेच तत्त्व लहान करून घरात आणलं की फर्निचर होतं. आपली सुतळीची बाज घ्या. चार खूर, चार गाते, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्या. खुरांना भोकं, त्यात गात्यांची टोकं. सुतळी विणून ताणली की सांधे आपोआप आवळतात, आणि माणूस बसला की आणखी आवळतात. एक खूर मोडला तर एक खूर बदलायचा. कुराण ठेवायची लाकडी रेहाल तर याहून चतुर. एकाच फळीतून कापलेली दोन पानं एकमेकांत अशी अडकलेली, की उघडतात, मिटतात, पण सुटत नाहीत. ना खिळा, ना बिजागरी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या फौजेत एक खुर्ची आली. रुडकीला सॅपर्सची छावणी होती, तिच्या नावावरून ती रुडकी खुर्ची. पायांना निमुळती भोकं, पट्ट्यांना निमुळती टोकं, वर कॅनव्हास. सरस नाही, खिळा नाही. सोडवली की गुंडाळी होऊन घोड्यावर चढे. जमीन खडबडीत असली तरी चारही पाय टेकत, कारण सांधे किंचित हलू शकत. बाजेचीच युक्ती ही. कुणी कुणाकडून घेतली ते मी सांगणार नाही, कारण वजनानं सांधा आवळतो हे कुठल्याही देशातल्या सुताराला कळू शकतं. 1933 साली डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी या खुर्चीवरून आपली 'सफारी' खुर्ची बेतली आणि ती जगभर गेली.

पण खरी अदलाबदल, म्हणजे कुठलाही पाय कुठल्याही खुर्चीला, ही कारखान्याची देणगी. मिखाएल थोनेट या व्हिएन्नाच्या कारखानदारानं 1859 मध्ये वाफेवर लाकूड वाकवून एक खुर्ची काढली. तिचे लाकडाचे तुकडे सहा, स्क्रू दहा, नट दोन. एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात छत्तीस खुर्च्यांचे तुकडे मावत. पुण्यामुंबईच्या इराणी हॉटेलात चहा प्यायला असाल, तर त्या गोल पाठीच्या खुर्चीच्या भावंडांवर तुम्ही नक्की बसला असाल. इथं खुणा करायची गरज उरली नाही. सुताराचीही उरली नाही.

आमच्या तालुक्यात मात्र सुटे भाग जोडायची खरी क्रांती लाकडात झालीच नाही. ती भोकाभोकांच्या लोखंडी पट्टीनं केली. दिमित्रियस कोमिनो नावाच्या लंडनच्या एका छापखानेवाल्यानं ती काढली. कामागणिक मांडण्या मोडायच्या आणि नव्या करायच्या, यात त्याचं साहित्य वाया जाई. म्हणून पूर्ण लांबीला भोकं पाडलेला अँगल, आणि नटबोल्ट. 1947 साली तो बाजारात आला. आज जुन्नरच्या बियाण्यांच्या दुकानात, मंचरच्या औषधांच्या दुकानात, शाळेच्या ग्रंथालयात तीच मांडणी दिसेल. दिसायला कळाहीन. पण दहा वेळा सोडवा, अकराव्यांदा तितकीच घट्ट बसते. भावाभावांत वाटणी झाली की एक पान्हा घेऊन अर्ध्या तासात रॅकची वाटणी होते. माझी स्वतःची पुस्तकं अशाच रॅकवर आहेत आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पाट्यांवरच्या 'मॉड्युलर' फर्निचरचं तसं नाही. त्याची कल्पना उत्तम आहे. स्वीडनच्या आयकिया कंपनीनं 1956 पासून चपट्या खोक्यातलं फर्निचर विकायला सुरुवात केली. 2018 मध्ये हैदराबादला आणि 2020 मध्ये नवी मुंबईला त्यांचं दुकान आलं. कपाटाच्या आतल्या बाजूला बत्तीस-बत्तीस मिलिमीटरवर भोकांची रांग असते, फळी हव्या त्या उंचीवर लावा. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 सालचा, तरी प्लायवूड अजून आठ बाय चार फुटांचंच मागायचं. या दोन हिशोबांची सांगड घालताना आमच्या मिस्त्र्यांची काय त्रेधा उडते, ते एकदा पाहायला हवं. असो. अडचण कल्पनेची नाही, जिनसाची आहे. भुशाच्या दाबलेल्या बोर्डात स्क्रू एकदा घट्ट बसतो. घर बदललं, सोडवला, पुन्हा पिळला, की भोक पोकळ होतं. ओल लागली तर बोर्ड फुगतो. सुटे होण्यासाठीच केलेली वस्तू दोन-तीनदा सुटी करता येत नाही, याला मी तरी नाव ठेवीन.

आणि ज्या लाकडात कुसू पुन्हा पुन्हा बसतं, त्या लाकडाला सध्या वेगळं गिऱ्हाईक आलेलं आहे. जुन्या पेठांतले वाडे वारसांच्या संख्येनं जड झालेत. पंधरा नावांचा सातबारा असावा तसा पंधरा नावांचा उतारा. दुरुस्ती कुणी करायची यावर एकमत नाही, विकायचं यावर मात्र होतं. कोरीव खांब नगावर जातो. तो एखाद्या रिसॉर्टच्या दारात उभा राहतो, डोक्यावर कसलाच भार नसलेला. नक्षीची गणेशपट्टी, महिरप, दरवाजा यांनाही भाव आहे. साधा खांब, साधी तुळई, जिनं दीडशे वर्षं माळा धरला, तिला कोण घेणार? ती घनफुटावर वखारीत जाते. करवतीखाली तिच्या चौकटी निघतात. सागाचं जुनं लाकूड आतून तांबूस, कोरडं निघतं, वास अजून येतो. कुसवाचं टोक आधी छाटून टाकतात. सालाची भोकं मात्र पट्टीत मधेच येतात. त्यात नव्या लाकडाचा ठोकळा सरस लावून ठोकतात, रंधा मारतात, वरून रंग देतात.