थॉर्नडाइक, डॉ. जॉन

इंग्रज लेखक रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन (१८६२–१९४३) यांनी निर्माण केलेला काल्पनिक गुन्हेशोधक. न्यायवैद्यकाचा तज्ज्ञ आणि बॅरिस्टर असलेला थॉर्नडाइक लंडनच्या इनर टेंपल भागात राहतो. राहत्या घरातच त्याची प्रयोगशाळा असून ती पोल्टन हा कुशल कारागीर सांभाळतो. घटनास्थळी जाताना सूक्ष्मदर्शक, रसायने व मोजमापाची साधने भरलेली हिरवी पेटी त्याच्यासोबत असते. बहुतेक कथा त्याचा सहकारी डॉ. जर्विस सांगतो.

‘द रेड थंब मार्क’ (१९०७) या पहिल्या कादंबरीत तिजोरीतून हिरे चोरीला जातात आणि तेथे अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा सापडतो. स्कॉटलंड यार्डने १९०१ मध्ये बोटांच्या ठशांचा विभाग सुरू केल्यानंतर असा पुरावा निर्णायक मानला जाऊ लागला होता. थॉर्नडाइक मात्र छायाचित्रण व जिलेटिनच्या साहाय्याने हुबेहूब ठसा बनवता येतो, हे न्यायालयात सिद्ध करतो.

‘द सिंगिंग बोन’ (१९१२) या संग्रहात फ्रीमन यांनी ‘उलटी’ रहस्यकथा रूढ केली. तीत गुन्हेगार आरंभीच कळतो. उत्सुकता उरते ती तपासाची. याच संग्रहातील, खून झालेल्या ऑस्कर ब्रॉड्स्कीच्या कथेत रेल्वेरुळावरील त्याच्या प्रेताजवळ चष्म्याच्या काचांत मिसळलेले पेल्याचे तुकडे आणि प्रेताच्या दातांत अडकलेले धागे अपघाताचा बनाव उघडा पाडतात.

पेशाने डॉक्टर असलेले फ्रीमन कथांमधील प्रयोग स्वतः करून पाहत. त्यामुळे शेरलॉक होम्सच्या कथांपेक्षा या कथांत तर्काच्या चमत्कृतीऐवजी प्रयोगसिद्ध पुराव्याला अधिक महत्त्व आहे.