बांधाआडची वस्ती : पनवेल खाडीकाठचे नियोजन आणि रहिवाशांचा शब्द

पनवेल खाडीच्या उत्तर काठावरील खारघर आज चौक, सेक्टर, मेट्रो आणि सेंट्रल पार्क यांच्या नावांनी ओळखले जात असले, तरी या भूमीच्या नियोजनाचा इतिहास येथे नवे शहर वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाच्या पहिल्या नकाशापासून सुरू होत नाही. भरतीचे पाणी कुठे अडवायचे, पावसाचे पाणी कुठून सोडायचे, बांधाची डागडुजी कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नांची उत्तरे खाडीकाठच्या आगरी व कोळी वस्त्यांनी कित्येक पिढ्या स्वतः शोधली होती. खाडीकाठच्या वस्तीचे भवितव्य ठरवताना तेथील रहिवाशांना किती शब्द असावा, ही आजची चर्चा त्या जुन्या व्यवस्थेकडे पाठ फिरवून केली, तर ती अपुरीच राहते.

ज्या जमिनीवर भरतीचे खारे पाणी येत असे किंवा येऊ शकते, आणि जी बांध घालून लागवडीखाली आणली जाते, तिला रायगडच्या किनाऱ्यावर खार किंवा खारजमीन म्हणतात, व बांध घालून ती सुरक्षित करण्याच्या कामाला खारबंदिस्ती हा शब्द आहे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तळाची चिकणमाती ढेकळांनी कापून काढायची, ती रचून दाबायची आणि पुढील भरतीपूर्वी तेवढा टप्पा पुरा करायचा, असे हे काम भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानेच चाले. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी असे. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचे दार, जे भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच मिटते आणि ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडते. या दाराला पहारेकरी लागत नसला, तरी फळी कुजली, तिच्यात काटकी अडकली किंवा खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागले, तर उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडे, म्हणजे बांध फुटून भगदाड पडे, आणि एका रात्रीत शिरलेले खारे पाणी जमिनीत मीठ सोडून पुढच्या हंगामांचेही नुकसान करून जाई. त्या जमिनीत पावसाने क्षार धुऊन निघाल्यावर खारे पाणी सोसणारा ‘राता’ जातीचा भात घेतला जाई. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काळा राता आणि भुरा राता यांची निवड पद्धतीने सुधारलेली वाणे, तसेच पुढे ‘पनवेल’ नावाच्या जाती प्रसारित केल्या, यावरून या शेतीची खोल मुळे लक्षात येतात.

बांध एकट्याचा असू शकत नाही, कारण शेजाऱ्याच्या हद्दीत पडलेली खांड आपलेही शेत बुडवते. म्हणूनच खारबंदिस्तीबरोबर एक सामाजिक रचना उभी राहिली. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या एकोणिसाव्या शतकातील नोंदींत शिलोत्री नावाच्या जमीनधारणेचे वर्णन आढळते. शिलोत्रीदार म्हणजे ज्याच्या खर्चाने किंवा पुढाकाराने खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदलीची जमीन, बांधून घेतले गेले तो, आणि बाहेरच्या मोठ्या बांधाची दुरुस्ती ही त्याची जबाबदारी असल्याने कसणाऱ्याकडून बिघ्यामागे एक मण भात तो ‘शिलोत्री मण’ म्हणून घेत असे. पनवेल तालुक्यातील शिलोत्तर रायचूर या गावाच्या नावात त्या धारणेची खूण टिकून राहिलेली दिसते. मात्र या व्यवस्थेला ग्रामलोकशाहीचा सुवर्णकाळ समजणे चुकीचे ठरेल. बांध राखण्याचे श्रम कुळांचे आणि हुकूम खोत-सावकारांचा, अशीच बहुतेक ठिकाणची स्थिती होती, आणि तिच्याविरुद्धचा असंतोष १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपातून उघड झाला. जमिनी पडीक ठेवून सहा वर्षे चाललेल्या या संपाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता व १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तात्पर्य, खाडीकाठच्या माणसाला आपल्या जमिनीविषयी बोलण्याचा अधिकार कोणी दान म्हणून दिला नव्हता, तो त्याने उपाशी राहून मागितला होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने बांधांची जबाबदारी शासनाच्या योजनांकडे वळली. यातून पैसा आणि अभियांत्रिकी ज्ञान आले, पण त्याबरोबर बांध हळूहळू ‘सरकारी’ होत गेला आणि उघाडी दुरुस्त करण्यासाठी गावाने एकत्र येण्याऐवजी कचेरीत अर्ज करण्याची सवय रुजली. अधिकार हातून जाण्याची ही पहिली पायरी होती, आणि ती सद्हेतूने घडल्यामुळे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसरी पायरी मात्र फार मोठी होती. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईची दाटी कमी करण्यासाठी बंदराच्या पलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही मुख्य भूमीवरील विकासाची दिशा सुचवली होती. फेब्रुवारी १९७० मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली व १९७१ साली तिला नवनगर विकास प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावे व सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या योजनेच्या कक्षेत आले. शेती, मिठागरे, खाजणे आणि डोंगर एकाच रेषेने वेढले गेले. कल्पना उदात्त होती व तिच्या शिल्पकारांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या कायद्याखाली जमीन घेतली जात होती, तो १८९४ चा भूसंपादन कायदा जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच तीस दिवसांत हरकत नोंदवण्याची मुभा देत होता, आणि हरकतीवरचा अंतिम निर्णय शासनाचाच असे. शहर कसे असावे हा प्रश्न त्या कायद्याच्या चौकटीत बसतच नव्हता. जमीन न कसणाऱ्या, पण खाडीत जाळे टाकणाऱ्या, मिठागरात राबणाऱ्या किंवा मजुरीने भात लावणाऱ्या कुटुंबांना तर त्या चौकटीत उभे राहायलाही जागा नव्हती.

या नव्या शहराच्या पाण्याच्या रचनेत एक विलक्षण गोष्ट घडली. वसाहतींसाठी निवडलेल्या जमिनीचा मोठा भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली असल्याने सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीकडची झडपदारे मिटतात, त्या काळात पडलेले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागल्यावर ते खाडीत सोडले जाते, अशी त्यांची कार्यपद्धती आहे. आगरी शेतकऱ्याच्या उघाडीचे तत्त्वही नेमके हेच होते. फरक इतकाच की लाकडाच्या जागी लोखंड आले आणि भाताच्या जागी इमारती आल्या. परंतु हॉलंडमध्ये या तंत्रामागे एक संस्था आहे. बांधाआड राहणारे लोक पाणीमंडळ निवडतात, त्याला वेगळा कर देतात आणि त्याच्याकडून बांधाचा हिशेब मागतात. ऱ्हाइनलँड पाणीमंडळाचा इतिहास १२५५ पर्यंत मागे जातो. तेथील तंत्र पनवेल खाडीवर आले, पण संस्था आली नाही, आणि तिच्याशी नाते सांगू शकली असती अशी बांध राखण्याची स्थानिक रीत संपादनाबरोबरच निराधार झाली. खारघरसारख्या वसाहतींच्या नियोजनातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

संपादित झालेल्या जमिनीचा मोबदला आणि गावांचे स्थान यांवरून साठत गेलेला रोष जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात फुटला. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात जासई व पागोटे परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्ताचे पुढचे फळ म्हणजे साडेबारा टक्के योजना. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत देण्याचे तत्त्व तिने मान्य केले, जरी सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन हाती पावणेनऊ टक्केच येत असले तरी. भारतातील पुनर्वसनाच्या इतिहासात या तत्त्वाचे मोल मोठे आहे. तथापि भूखंड मिळणे म्हणजे नियोजनात शब्द मिळणे नव्हे. गावठाणाची, म्हणजे वस्तीसाठी राखलेल्या जागेची, हद्द वाढत्या कुटुंबांना पुरेना, तेव्हा लोकांनी भोवताली घरे बांधली. सरकारी भाषेत ती अनधिकृत ठरली आणि गावच्या भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. एकाच भिंतीला दोन नावे पडतात, तेव्हा नकाशा काढताना कोणाला तरी विचारायचे राहून गेलेले असते. खारघर, कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे ही गावे सेक्टरांच्या मध्ये आजही अशीच वेढलेली आहेत.

याच जिल्ह्यात लोकांना थेट विचारण्याचा एक प्रसंगही घडला. पेण, पनवेल व उरण तालुक्यांतील जमिनींवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याच्या प्रस्तावावरून २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्याच्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. लोकांनी रांगा लावून आपले मत नोंदवले, ते प्रकल्पाच्या विरोधात गेले आणि पुढे संपादन पूर्ण होऊ शकले नाही. प्रशासनाची इच्छा असेल तर शेतकऱ्याला बांधावरून मतपेटीपर्यंत आणता येते, याचा तो पुरावा आहे. मच्छीमारांच्या बाबतीत ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाशीजवळील ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या खटल्यात पारंपरिक मासेमारीवर जगणाऱ्या समाजाचा नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, पण खाडीवर हक्क सांगणाऱ्या माणसाला मिळालेली ही फार उशिराची मान्यता आहे.

खारघरमध्ये लोकांचा शब्द कोणापर्यंत पोहोचवायचा हा प्रश्न संस्थांच्या गुंत्यामुळे अधिकच अवघड झाला. सेक्टर सिडकोच्या ताब्यात आणि गावे ग्रामपंचायतीकडे, अशी विभागणी १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन होईपर्यंत टिकली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी भागासाठी निवडून आलेल्या संस्थांचा आग्रह धरला होता, पण खारघरच्या मतदाराला नगरसेवक निवडण्याची पहिली संधी मे २०१७ मध्ये मिळाली. २०२२ साली त्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवण्याची तरतूद आहे, आणि तिची ताकद २०१५ साली दिसली, जेव्हा बृहन्मुंबईचा मसुदा आराखडा हजारो हरकतींनंतर शासनाला मागे घ्यावा लागला. पण हरकत ही तयार नकाशावरची प्रतिक्रिया असते. रेषा ओढण्याआधी कोणते पाणी कुठून येते हे सांगण्याची जागा तिच्यात नसते.

ही जागा नसल्याची किंमत आता सर्वांनाच मोजावी लागत आहे. धारण तलावांत गाळ साठून कांदळवने, म्हणजे खाऱ्या पाण्यात तग धरणारी तिवरांची जंगले, वाढली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने त्या झाडांना भक्कम संरक्षण मिळाल्यामुळे तलावांतील गाळ काढणे हा न्यायालयीन परवानगीचा विषय बनला. कांदळवन राखणे आवश्यक आहे, आणि पावसाळ्यात तळमजले कोरडे राहणेही तितकेच आवश्यक आहे. या दोन गरजांचा मेळ घालण्याचा निवाडा केवळ कागदावर होत नाही. खारघर ते बेलापूर-नेरूळ या खाडीकाठच्या प्रस्तावित रस्त्यावरूनही हाच पेच उभा राहिला आहे. प्रवासाचा वेळ वाचावा ही सेक्टरमधील नोकरदाराची मागणी खोटी नाही, तिवरे आणि मासेमारीच्या वाटा वाचाव्यात ही खाडीवर जगणाऱ्यांची मागणीही खोटी नाही, आणि दोघांना एका टेबलाशी बसवणारी कायमस्वरूपी व्यवस्था मात्र उभी राहिलेली नाही.

ती उभी करण्यासाठी परदेशी नमुन्याची प्रतीक्षा करण्याची गरज नाही. प्रत्येक धारण तलावामागे त्याच्या पाणलोटातील गृहनिर्माण संस्था, गावठाणे आणि मच्छीमार यांची एक समिती असावी, गाळ, झडपा व कांदळवने यांची वार्षिक नोंद तिच्यासमोर मराठीत ठेवली जावी, आणि नव्या आराखड्याचा मसुदा तयार होण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घेतले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. त्या आधी एक काम तातडीचे आहे. जुने बांध कोणत्या रेषेने जात होते, उघाड्या कुठे होत्या आणि उधाणात खांडी नेहमी कोणत्या ठिकाणी पडत, हे ज्यांनी स्वतः चिखल उपसून पाहिले, ती पिढी आता सत्तरीच्या पलीकडे आहे. महापालिकेने, सिडकोने किंवा खारघरमधील एखाद्या महाविद्यालयाने त्या वृद्धांना आजचा नकाशा दाखवून त्यांच्याकडून या जागा नोंदवून घ्याव्यात, आणि हे काम येत्या पावसाळ्यापूर्वीच सुरू करावे.